पान मागितले तर पानच यावे

बाराशे शब्दांचा एखादा मराठी लेख घेतला, तर काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरांतले हलन्त आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून त्यात साधारण ८,००० चिन्हे भरतात. संगणकावर मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे अख्खा लेख २४ किलोबाइटच्या आत बसतो. २०२२ च्या मध्यावर जगभरच्या वेबपानांची जी मोठी मोजणी झाली, तिच्यात मोबाइलवर उघडणाऱ्या मध्यम पानाचे वजन सुमारे २ मेगाबाइट निघाले, म्हणजे आपल्या लेखाच्या ऐंशी पटींहून अधिक. आणि असे पान उभे करण्यासाठी ब्राउझरला सत्तरच्या आसपास वेगवेगळ्या मागण्या पाठवाव्या लागतात. त्यातली छायाचित्रे वाचकाला हवी असतील, पण उरलेल्या भारात मोठा वाटा आज्ञावल्यांचा, फॉन्टचा, जाहिरातींचा आणि वाचक कुठे किती वेळ रेंगाळला हे टिपणाऱ्या साधनांचा असतो. वाचायला मागितलेला मजकूर या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी असतो. तेवढाच मजकूर मागता यावा आणि तेवढाच मिळावा, अशी ‘जेमिनी’ नावाची व्यवस्था काही लोकांनी पुन्हा उभी केली आहे. तिच्याकडे गतकाळाची हौस म्हणून पाहिले जाते, पण ते मला पटत नाही, कारण तिच्या मुळाशी रचनेचा एक नेमका विचार आहे.

हा विचार समजण्यासाठी १९९१ पर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅकाहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी इंटरनेटवरून मजकूर मागवण्याचा ‘गोफर’ हा नियमसंच तयार केला. गोफर हे त्या विद्यापीठाच्या खेळाडू संघांचे नाव, आणि इंग्रजीत ‘जाऊन घेऊन ये’ या अर्थाच्या शब्दांशी त्याचा उच्चारही जुळतो. गोफरचे जग म्हणजे एकीतून दुसरी उघडणाऱ्या याद्यांचे जग होय. यादीतल्या प्रत्येक ओळीच्या आरंभी एक चिन्ह असते: ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे आणखी एक यादी, ७ म्हणजे शोध. त्यापुढे शीर्षक, सर्व्हरवरील जागेची खूण, सर्व्हरचे नाव आणि पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या ठरावीक दाराचा, क्रमांक (गोफरचा ठरलेला क्रमांक ७०) एवढेच येते. वाचकाचा संगणक एक ओळ पाठवतो, सर्व्हर मागितलेली वस्तू देतो आणि जोडणी बंद करतो. आधी कोण येऊन गेले, आता कोण आले, याची आठवण ठेवण्याची सोयच त्या व्यवहारात नाही.

त्या काळी वेबचा व्यवहारही जवळजवळ इतकाच साधा होता आणि पहिली काही वर्षे गोफरची रहदारी वेबपेक्षा जास्त होती. १९९३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मिनेसोटा विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हरसाठी काही वापरकर्त्यांकडून परवाना शुल्क घेण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मुक्त केले. मजकुराच्या ओघातच चित्र दाखवणारा मोझॅक हा ब्राउझरही त्याच वर्षीचा. त्यानंतर गोफर मागे पडला तो कायमचाच, जरी त्याचे काही सर्व्हर निष्ठेने चालवणारी माणसे आजही आहेत.

वेबमध्ये पुढे जे भरत गेले, त्याचा इतिहास एका माणसाच्या कामातून चांगला दिसतो. लू माँटुली हे १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात ‘लिंक्स’ हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर बनवणाऱ्यांपैकी एक होते; तो ब्राउझर आजही वापरात आहे. याच माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत असताना ‘कुकी’ शोधून काढली. गरज खरी होती. एका पानावर टोपलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाईपर्यंत दुकानाला आठवत नसेल, तर वेबवर दुकान चालणार कसे? म्हणून सर्व्हरने वाचकाच्या संगणकावर एक चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या मागणीसोबत ती परत यावी, एवढीच ती युक्ती. परंतु एकाच पानात अनेक ठिकाणांहून चित्रे आणि आज्ञावल्या येऊ लागल्या, तेव्हा वाचकाने कधीच न मागितलेल्या तिऱ्हाइतालाही आपली चिठ्ठी ठेवता येऊ लागली आणि त्या चिठ्ठीच्या आधारे एकाच माणसाचा शंभर ठिकाणचा वावर जोडता येऊ लागला. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत ज्या जावास्क्रिप्टचा, म्हणजे वेबपानातल्या आज्ञावल्यांच्या भाषेचा, पहिला आराखडा केला, तिचीही हीच कथा. या पायऱ्यांपैकी एकही वाईट हेतूने घातलेली नव्हती, आणि म्हणूनच चांगल्या हेतूच्या भरवशावर ही भर थांबत नाही, हे गोफरच्या चाहत्यांच्या लक्षात आले.

जून २०१९ मध्ये ‘सॉल्डरपंक’ हे टोपणनाव घेणाऱ्या एका गोफरप्रेमी व्यक्तीने ‘जेमिनी’ या नव्या प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांमधल्या देवाणघेवाणीच्या नियमसंचाची, आखणी सुरू केली. नाव अंतराळमोहिमेवरून घेतले आहे. अमेरिकेच्या मर्क्युरी यानात एक प्रवासी होता, जेमिनीत दोन आणि अपोलोत तीन; गोफर आणि वेब यांच्या मधली जागा जेमिनीने सुचवली. गस ग्रिसम आणि जॉन यंग यांना घेऊन जेमिनीचे पहिले समानव उड्डाण २३ मार्च १९६५ रोजी झाले, म्हणून या प्रोटोकॉलचा पोर्ट क्रमांक १९६५ आहे. जेमिनीवरच्या स्थळाला ‘कॅप्सूल’ म्हणतात तेही त्यामुळेच.

व्यवहार असा चालतो. वाचकाचा संगणक आधी सर्व्हरशी कूटबद्ध जोडणी करतो. ही जोडणी ऐच्छिक नाही. मग तो पत्त्याची एकच ओळ पाठवतो. तुमचा ब्राउझर कोणता, भाषा कोणती, तुम्ही कोणत्या पानावरून आलात, यांपैकी काहीही त्या ओळीत नसते. सर्व्हर दोन आकडी संकेत आणि एक छोटी नोंद असलेली ओळ परत करतो: २० म्हणजे पान येत आहे, ५१ म्हणजे असे पान नाही, १० म्हणजे वाचकाने काही लिहून द्यावे. त्यामागोमाग पान येते आणि जोडणी संपते. त्या पानाने ब्राउझरकडून आपण होऊन दुसरी कोणतीही मागणी करवून घ्यायची नाही, असा दंडक आहे. चित्र हवे असेल तर त्याचा दुवा असतो; तो वाचकाने उघडला तरच चित्र येते.

आपल्याकडच्या टपालाच्या भाषेत सांगायचे, तर गोफर हे पोस्टकार्ड आहे आणि जेमिनी हे आंतरदेशीय पत्र. दोन्हींत कागद एकच, पण दुसरे बंद करून धाडता येते. आंतरदेशीय पत्राच्या आत काही घालू नये अशी सूचना त्याच्यावरच छापलेली असे. जेमिनीत घालण्यासाठी जागाच ठेवलेली नाही. वेबच्या मागणीत आणि उत्तरात हव्या तितक्या नव्या नोंदी वाढवता येतात, आणि वेबचा सारा विस्तार या उघड्या दारातून झाला. जेमिनीची ती एकुलती ओळ आणि दोन आकडी संकेत कोणाला मुद्दाम वाढवायचे म्हटले, तरी सहज वाढवता येत नाहीत. ही अनमनीय रचना हेच या प्रोटोकॉलचे सर्वांत मोलाचे अंग आहे, असे मी मानतो. ज्या व्यवहारात चिठ्ठी ठेवण्याची जागा नाही, तिथे चिठ्ठी न ठेवण्याचे वचन कोणी पाळते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. अर्थात जोडणी ज्या इंटरनेट पत्त्यावरून येते तो पत्ता सर्व्हरला दिसतोच. पूर्ण अनामिकता इथेही नाही.

लेखनाच्या खुणाही अशाच मोजक्या आहेत. ओळीच्या आरंभी मथळ्याची, यादीची, अवतरणाची किंवा दुव्याची खूण करायची, मुख्यतः एवढेच. दुव्याला स्वतंत्र ओळ द्यावी लागते. वाक्याच्या मध्ये दुवा घालता येत नाही. हे बंधन लेखकाला सुरुवातीला जाचते, परंतु वाचताना त्याचा लाभ कळतो: वाक्य सलग पुरे होते आणि पुढे कुठे जायचे याचा निर्णय परिच्छेद संपल्यावर होतो. गोफरच्या मजकुरात लेखकच ठरावीक रुंदीवर ओळ तोडत असे, त्यामुळे तो मोबाइलवर विस्कटतो. जेमिनीत परिच्छेद म्हणजे एक अखंड ओळ, जी वाचकाचे साधन आपल्या रुंदीप्रमाणे मोडून घेते. अक्षराचा आकार, रंग, दोन ओळींमधले अंतर, सगळे वाचकाच्या हातात असते. अधू दृष्टीच्या वाचकाला किंवा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला याहून सोयीची मांडणी क्वचितच मिळेल.

साधेपणाचा असा उपयोग वेबवरही होतो. २०१७ मध्ये इर्मा हे चक्रीवादळ फ्लोरिडावर आले, तेव्हा क्षीण झालेल्या मोबाइल जाळ्यावर बातम्या वाचता याव्यात म्हणून एनपीआर आणि सीएनएन या अमेरिकी वृत्तमाध्यमांच्या केवळ मजकुराच्या आवृत्त्या लोकांच्या कामी आल्या.

मराठी वाचकाच्या दृष्टीने पाहिले, तर या साधेपणात काही खरे गुण आहेत आणि काही अडचणीही. गोफरचा १९९३ चा आराखडा पश्चिम युरोपीय लिपी गृहीत धरून केलेला होता. मराठी संकेतस्थळांची पहिली वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांना प्रत्येक स्थळाचा वेगळा फॉन्ट आणि तो नसेल तर पडद्यावर उमटणारी निरर्थक चिन्हे आठवत असतील. जेमिनीत यूटीएफ-८ हेच गृहीत आहे, आणि पान मराठीत असल्याची नोंद उत्तराच्या पहिल्याच ओळीत करता येते, म्हणजे वाचून दाखवणारे साधन मराठी उच्चार निवडू शकते. मात्र मागणीच्या ओळीला १,०२४ बाइटची मर्यादा आहे आणि वाचकाने लिहिलेले उत्तर याच ओळीतून, पत्त्याचा भाग होऊन जाते. पत्त्यात देवनागरीचे एक चिन्ह ९ बाइट व्यापते. इंग्रजीत जिथे हजारभर अक्षरे मावतात, तिथे मराठीत शंभराच्या आसपास चिन्हे लिहिली की जागा संपते. ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो. संगणकासाठी ती ७ चिन्हे आहेत, आणि या ओळीत ६३ बाइट.

दुसरी अडचण पडद्यावरची आहे. अनेक साधे ब्राउझर टर्मिनलमध्ये, म्हणजे सारख्या मापाच्या चौकटींच्या जाळीवर, अक्षरे मांडतात. एका चौकटीत एक अक्षर ही कल्पना रोमन लिपीला शोभते. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी जाऊन बसते आणि जोडाक्षर फुगते, म्हणून पुष्कळ टर्मिनलमध्ये ‘क्षेत्र’ तुटके आणि हलन्तांसह दिसते. मराठी नीट वाचायची तर चित्रमय खिडकीत चालणारा जेमिनी ब्राउझर घ्यावा लागतो, आणि त्यालाही अक्षरजोडणीसाठी हार्फबझसारख्या प्रगत प्रणालीचा आधार लागतो. क्रोम आणि फायरफॉक्स हे मोठे ब्राउझरही देवनागरीची जुळणी याच हार्फबझकडून करून घेतात.