टिल्टवर आहात की पानं वाईट येतायत?

पोकर हरून आलेल्या माणसाकडे दोनच वाक्यं असतात. 'पानंच आली नाहीत' आणि 'टिल्टवर गेलो राव', म्हणजे डोकं ताब्यात न राहून नेहमीचा खेळ सुटला. कुठलं कधी म्हणायचं याला काही धरबंध नाही, त्या रात्री जे कमी टोचेल ते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही सरमिसळ ऐकून माझं डोकं फिरतं.

डाउनस्विंग, म्हणजे नीट खेळूनही निव्वळ पानांमुळे हरत राहण्याचा काळ, सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर फ्लॉपआधीच (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं उघडण्याआधी) ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, गेली तर साधारण 82 टक्के वेळा जिंकते. उरलेल्या 18 टक्क्यांत हरायला कोणाची नजर लागावी लागत नाही. लांब पल्ल्याचा हिशेब आणखी बोचरा आहे. नो-लिमिट होल्डेममध्ये (हातात दोन पानं, टेबलावर पाच सामाईक, आणि कितीही लावायची मुभा) दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम) कमावणारा, म्हणजे चांगलाच खेळाडू घ्या. 100 डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, 90 बिग ब्लाइंड धरलं, तर 10,000 डाव खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता चारात एकाहून जास्त निघते. कॅसिनोच्या टेबलावर तासाला 25-30 डाव होतात, म्हणजे हे झाले साधारण 330 ते 400 तास. गोव्यात एक शनिवार हरून 'बॅड पॅच चालू आहे' म्हणणाऱ्यांनी हा आकडा फोनच्या वॉलपेपरवर लावावा.

बॅड बीटमध्ये तुम्ही पुढे असता आणि रिव्हर, म्हणजे शेवटचं पाचवं पान, घात करते. कूलरमध्ये दोघांचीही पानं इतकी भारी असतात की कोणीच सोडणार नाही. दोन्ही डाउनस्विंगच्याच खात्यात जातात, पुढे चला.

खरी गफलत टिल्टची आहे. लोकांना टिल्ट म्हणजे राग वाटतो. फिल हेल्मथ टेबलावर किती थयथयाट करतो ते पोकर बघणाऱ्या सगळ्यांनी पाहिलंय. 1989 मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट जिंकलेल्या या माणसाच्या नावावर तिथल्या स्पर्धा जिंकल्याची 17 ब्रेसलेट आहेत, तेवढी दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. आरडाओरडा करून झाल्यावर पुढच्या डावात जो फालतू पानं गुपचूप टाकू शकतो तो टिल्टवर नाही, फक्त असभ्य आहे. उलट चेहऱ्यावरची रेषही न हलवता, शांतपणे, तीन बाय-इन (टेबलावर बसताना घेतलेल्या चिप्सची रक्कम) उडवणारे मी भरपूर पाहिलेत.

एक डाव घेऊ. ब्लाइंड 100-200. तुमच्या हातात वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम आहेत आणि तुम्ही रेज केलंय, म्हणजे रक्कम वाढवलीय. पलीकडे बसलेले काका रात्रभर मोजून चारदा पैसे घालणारे, त्यांनी री-रेज केलं, म्हणजे ती आणखी वाढवली. पहिल्या तासात हीच वेळ आली तेव्हा तुम्ही पानं निमूट टाकली होती. आता मध्यरात्र उलटलीय, दोन बाय-इन गेलेत. काका तेच, री-रेज तेवढंच, आणि तुम्ही कॉल मारता, म्हणजे तेवढेच पैसे घालता. फ्लॉपवर राजा येतो, काकांकडे एक्का-राजा निघतो, 20,000 जातात. दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगताना त्याची गोष्ट होते: 'अरे, टॉप पेअर लागली आणि त्याच्याकडे नेमका एक्का-राजा! काय नशीब!' नशिबाचा काय संबंध? काकांच्या री-रेजमागे एक्का-राजा, नाहीतर राण्या, राजे, एक्के यांच्या जोड्या असणार हे तुम्हाला पहिल्या तासात कळत होतं. हे पैसे टिल्टने गेले, लिहिले मात्र पानांच्या नावावर.

आता तोच डाव जरा पुढे न्या. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर, गुलाम पडतो, तुमच्या दोन जोड्या होतात, रिव्हर काही बिघडवत नाही, पॉट (मधे जमलेले सगळे पैसे) तुमचा. या डावाला टिल्ट म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. कॉल तोच होता, तितकाच वाईट होता, पण चिप्स आपल्या बाजूला आल्या की कोणी खातं तपासत नाही. आणि पुढच्या तासभरात राजा-गुलाम, एक्का-नऊ, मिळेल ते घेऊन माणूस आत शिरत राहतो, कारण 'आज लागतंय'. फायद्यात असतानाचा हा टिल्ट सगळ्यात महाग पडतो असं माझं ठाम मत आहे.

याच्या उलट, हरलेला प्रत्येक कॉलही टिल्ट नसतो. टर्नवर फ्लशला (एकाच रंगाची पाच पानं) एक पान कमी आहे, पॉटमध्ये 5,000 आहेत आणि समोरच्याने 1,000 लावलेत ते धरूनच. 1,000 घालून 6,000 चा पॉट, म्हणजे कॉल परवडायला जिंकण्याची साधारण 17 टक्के शक्यता लागते. उरलेल्या 46 पानांत तुमची 9, म्हणजे 19 टक्क्यांच्या वर. पान आलं नाही, पैसे गेले. यात चुकलं काहीच नाही, उद्याही हाच कॉल मारायचा.

तोट्यात असलेला माणूस नक्की नुकसान पत्करण्यापेक्षा जोखीम घेणं पसंत करतो, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच मांडलं होतं. ढिले कॉल तिथून येतात. पण टिल्टची एक मुखदुर्बळ जातही असते: दोनदा मार खाल्ल्यावर चांगली पानं असूनही रिव्हरवर चेक करत, म्हणजे काहीच न लावता, राहायचं. बाहेरून ती शिस्त दिसते, लोक कौतुकही करतात. चिप्स त्यातही जातात, फक्त मिळायच्या राहिलेल्या असल्यामुळे मोजल्या जात नाहीत.

दोन्ही एकत्र आल्यावर वेगळं कसं काढायचं? मोठे पॉट लिहून ठेवा, पण शेवट न लिहिता. पानं, जागा, कोणी किती लावले, तुम्ही काय केलं, बस. आठवड्याने वाचा आणि पहिल्या तासात हेच केलं असतं का ते बघा. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने मंजूर केला. त्याआधी ऑनलाइन खेळणाऱ्यांकडे डावांच्या नोंदी आपोआप साठायच्या, आता वहीला पर्याय नाही.

आता स्टॉप-लॉस. 'तीन बाय-इन गेले की उठायचं' हा नियम डाउनस्विंग थांबवतो असं सांगणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. आज उठलात काय आणि उद्या बसलात काय, पानांना त्याचा पत्ता नसतो. तो नियम टिल्टसाठी आहे, तीन बाय-इननंतर ज्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही त्याच्यासाठी. एका बाय-इनलाच तुमचं सुटत असेल तर एकाला उठा. डाउनस्विंगला औषध म्हणजे बँकरोल: ज्यांच्या जाण्याने घरभाडं अडत नाही असे पैसे, आणि ते कमी झाले की निमूट खालच्या ब्लाइंडवर जाण्याची तयारी. टिल्टवर असताना बँकरोल मोठा असणं म्हणजे उलट जास्त पैसे घालवायची सोय.

आणि डीलर बदलायची वाट बघणं, नवा पत्त्यांचा जोड मागणं, लकी शर्ट, हे दोन्हींपैकी कशावरच चालत नाही. खुर्ची मात्र जरूर बदला, पण ढिला खेळणारा तुमच्या उजवीकडे यावा म्हणून.