व्होल्टेज कंपॅरेटर (विद्यार्थी प्रकल्पातील)

दोन व्होल्टेजपैकी कोणते जास्त आहे, एवढेच सांगणारे सर्किट म्हणजे व्होल्टेज कंपॅरेटर. किती जास्त, हे त्याला सांगता येत नाही. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रकल्पांत बहुधा एलएम393 ही आठ पिनांची आयसी (चिप) वापरतात. तिच्यात दोन कंपॅरेटर असतात.

सांगलीत याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. दोन पातळ्या, दोन कंपॅरेटर, दोन दिवे: पूरसूचनेच्या मॉडेलला एक आयसी पुरते. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटला 10 किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) जोडला की पाण्याची उंची व्होल्टेजच्या रूपात मिळते. 2019 च्या पुरात पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, म्हणून मॉडेलची मोजपट्टी 60 फुटांची धरावी आणि 60 फुटांना 5 व्होल्ट. मग 40 फूट म्हणजे 3.33 आणि 45 फूट म्हणजे 3.75 व्होल्ट. हे दोन संदर्भ व्होल्टेज दोन प्रीसेटवर (एकदा फिरवून ठेवायचे छोटे पॉट) लावून प्लस इनपुटला द्यायचे आणि फ्लोटचे व्होल्टेज मायनसला. पाणी खुणेच्या वर गेले की आउटपुट खाली येते आणि 5 व्होल्टकडून आउटपुटकडे जोडलेला एलईडी लागतो.

जोडणी बरोबर असूनही सर्किट अडते, त्याची बहुतेक कारणे आयसीच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) सापडतात. एलएम393 चे आउटपुट ओपन कलेक्टर आहे. ते स्वतःहून वर जात नाही, फक्त खाली ओढते. वर नेण्यासाठी 4.7 किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लागतो. बाजारातल्या तयार सेन्सर मॉड्यूलवर तो आधीच बसवलेला असतो, म्हणून मॉड्यूल चालते आणि तीच आयसी ब्रेडबोर्डवर मुकी राहते.

दुसरे कारण सहज लक्षात येत नाही. इनपुटची मर्यादा पुरवठ्यापेक्षा 1.5 व्होल्टने कमी असते. आयसीला 5 व्होल्ट दिले तर ही मर्यादा 3.5. म्हणजे 40 फुटांचा दिवा नीट लागतो, पण 45 फुटांच्या खुणेपाशी दोन्ही इनपुट मर्यादेबाहेर असतात आणि त्या दिव्याचा भरवसा राहत नाही. विद्यार्थी मग वायरी तपासत बसतात आणि आयसी बदलून पाहतात. उपाय सोपा आहे: आयसीला 9 व्होल्ट द्यावेत, पॉट, प्रीसेट आणि पुल-अप 5 व्होल्टवरच ठेवावेत. ग्राउंड मात्र एकच हवे.

पाण्यावर लाटा असतात. खुणेपाशी फ्लोट हलला की दिवा फडफडतो आणि बझर तडतडतो. यासाठी हिस्टेरेसिस, म्हणजे दिवा लागण्याच्या आणि विझण्याच्या पातळीत थोडे अंतर हवे: आउटपुटपासून प्लस इनपुटला 100 किलोओहमचा रेझिस्टर. वरच्या मांडणीत 40 फुटांच्या खुणेला त्याने सुमारे 0.1 व्होल्टचे अंतर पडते, म्हणजे मोजपट्टीवर सव्वा फूट. साधारण 40.4 फुटांना लागलेला दिवा पाणी 39.2 फुटांपर्यंत उतरल्याशिवाय विझत नाही. प्रीसेट थोडा फिरवून दिवा बरोबर 40 वर आणता येतो. मॉडेलचा खरा कस इथेच लागतो; या एका रेझिस्टरविना ते प्रदर्शनात मांडू नये.

741 ही जुनी ऑप-अँप (अँप्लिफायर) आयसी 5 व्होल्टवर या कामाला घेऊ नये. भोंग्यासाठी रिले (विजेने चालणारा स्विच) लावायचा असेल तर तो थेट आउटपुटवर चालत नाही. 12 व्होल्टच्या लहान रिलेची कॉइल साधारण 30 मिलिअँपिअर घेते आणि एलएम393 ची हमी 6 मिलिअँपिअरचीच आहे. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड हवाच.