विठ्ठलाच्या मंडपातले खांब का वाजतात?

माठ घेताना आपण त्याला टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर बाजूला ठेवतो. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले वाजणारे खांब समजून घ्यायला ही टिचकी पुरेशी आहे.

तुंगभद्रेच्या काठावरची ही विजयनगरची राजधानी. १३३६ साली राज्य उभं राहिलं आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर शहर लुटलं गेलं, ओस पडलं. इथला विठ्ठल संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी पंढरपूरला परत आणला, असं वारकरी परंपरा सांगते. मंडप मात्र अजून उभा आहे. त्यातल्या काही खांबांमध्ये मधला जाड खांब आणि भोवतीचे बारीक खांब एकाच ग्रॅनाइटच्या शिळेतून कोरले आहेत. ठोकले की त्यांतून स्वर निघतो.

हे खांब आतून पोकळ असणार, अशी जुनी समजूत. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दगडाला धक्का न लावता ध्वनिलहरींनी ते तपासले. खांब भरीव निघाले!

मग आवाज कुठून येतो? खांब दोन्ही टोकांना पक्का धरलेला असतो. टिचकी बसली की मधला भाग केसाएवढाही नाही इतका वाकतो, परत येतो, उलट बाजूला वाकतो, असं सेकंदाला शेकडो वेळा. जाडी दुप्पट असेल तर कंपनं साधारण दुप्पट होतात, म्हणजे स्वर एक सप्तक वर चढतो. लांबी दुप्पट असेल तर कंपनं चौथ्या हिश्श्यावर येतात. मंडपात शेजारशेजारच्या खांबांची लांबी सारखीच, त्यामुळे स्वर ठरतो तो मुख्यतः जाडीवर. तबलजी हातोडीनं तबला चढवतो, उतरवतो. इथे छिन्नी एकदा जास्त चालली की स्वर खाली गेला तो गेलाच. मला तर पोकळ खांबापेक्षा हेच मोठं नवल वाटतं.

अर्थात दगडही तसाच हवा. आत बारीकशी चीर असली तरी तो फुटक्या माठासारखा बद्द बोलतो. हंपीचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर थंड झाला. वर आल्यावर भेगांमधून पाणी मुरलं, कोपरे कुजले, भुसभुशीत झालेला भाग वाहून गेला आणि गाभ्याचे गोल धोंडे एकमेकांवर राहिले. टेकड्या कुणी रचून ठेवल्यासारख्या दिसतात त्या यामुळे.

राजवाड्याच्या आवारात १९८० च्या दशकात उत्खननात सापडलेली पायऱ्यांची पुष्करणी शिस्ट नावाच्या काळसर दगडाची आहे. तिच्या दगडांवर दिशा, थर आणि क्रम दाखवणाऱ्या खुणा कोरलेल्या आहेत. दगड आधी घडवून, मग खुणा बघून बसवलेले.

खांबांना हात लावायला आता बंदी आहे आणि ती अगदी योग्य आहे. इतक्या टिचक्या सोसून ते झिजले आहेत. त्याऐवजी टेकड्यांमधून हिंडताना धोंडे नीट बघावेत. दगड फोडण्यासाठी पाथरवटांनी पाडलेल्या चौकोनी भोकांच्या रांगा त्यांवर दिसतात. काही धोंडे त्या रेषेत सरळ दुभंगलेले. काहींवर भोकांची रांग पुरी झालेली आहे, धोंडा मात्र अजून अखंड आहे.