कोठडीत मारहाण झाली तर तक्रार कुठे, कोणी आणि कोणत्या कागदांवर करायची?

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

अटक करून पहिल्यांदा कोर्टात उभं केलेल्या माणसाला न्यायाधीशांनी हा प्रश्न विचारायचा असतो. त्यामागे मुंबईचीच गोष्ट आहे. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा महिला कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये निकाल दिला: आरोपीला हजर केल्यावर छळाची काही तक्रार आहे का हे दंडाधिकाऱ्यांनी विचारावं आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा हक्क त्याला आहे हेही सांगावं.

प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही साहेब."

असं उत्तर का येतं ते कोर्टाच्या आवारात उभं राहिलं की कळतं. ज्यांनी मारलं तेच शेजारी दोरी धरून उभे असतात. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाली की संध्याकाळी परत त्याच खोलीत जायचं असतं. पण ते "नाही" रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, उतरतं आणि वर्षभराने समोरचा वकील तेच वाचून दाखवतो. म्हणून पुढच्या माहितीतलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल: आरोपीने तिथे तोंड उघडावं आणि घरच्यांनी त्याआधी त्याच्यापर्यंत वकील पोहोचवावा. भाषण करायची गरज नाही. "काल रात्री ठाण्यात पट्ट्याने मारलं, तळपाय आणि मांडी दुखते, माझी सरकारी दवाखान्यात तपासणी करा आणि हे लिहून घ्या," एवढं पुरतं. लिहून घेतलं जात नाही असं दिसलं तर वकिलाने तिथल्या तिथे साध्या कागदावर अर्ज द्यावा.

पोलीस कोठडी पहिल्यांदा मागताना आणि नंतर वाढवून मागतानाही आरोपीला प्रत्यक्ष हजर करावंच लागतं, तिथे व्हिडिओवर भागत नाही. न्यायालयीन कोठडी मात्र व्हिडिओवरून वाढवता येते. म्हणजे पहिली संधी हुकली तरी पीसीआर संपायच्या दिवशी दुसरी मिळते.

वैद्यकीय तपासणी

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 नुसार अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी व्हायला हवी. महिलेची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली करायची. अंगावर जखमा किंवा माराच्या खुणा असतील तर त्या आणि त्या साधारण कधी झाल्या असाव्यात, हे डॉक्टरने लिहायचं असतं. अहवालाची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला द्यायची असते. हा शेवटचा हक्क जवळजवळ कोणी मागत नाही. मागा. डी. के. बसू खटल्याच्या 1996 च्या निकालाप्रमाणे कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी तपासणी व्हायला हवी, त्यामुळे एकच कागद हाती आला तर बाकीचे कुठे आहेत हेही विचारा.

प्रत्यक्षात तपासणी दोन मिनिटांत उरकते. पोलीस दाराशी थांबण्याऐवजी टेबलाशेजारी असतो, शर्ट काढायला कोणी सांगत नाही आणि केसपेपरवर "ताजी बाह्य इजा नाही" असं लिहिलं जातं. तळपायावर मारलं की पहिल्या काही तासांत वळ दिसत नाहीत, पण पाऊल सुजतं आणि चप्पल चढत नाही. हे डॉक्टरला सांगावं लागतं. तो आपणहून बूट काढायला सांगेल या भरवशावर राहू नये.

जामिनावर सुटल्यावर त्याच दिवशी पुन्हा सरकारी रुग्णालयात जा आणि "पोलीस मारहाण" असं कारण सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी वैद्यकीय, नोंद करून घ्या. फोटो घरीच काढा. एका फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही यावीत, दुसरा जखमेचा जवळून, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. काळानिळा डाग दिवसागणिक रंग बदलतो, म्हणून चार-पाच दिवस रोज फोटो काढा. अंगावरचे कपडे धुऊ नका. ते वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते.

घरच्यांनी बाहेरून काय करायचं

अटकेचा पंचनामा, म्हणजे अटक मेमो, झाला का हे पहिल्यांदा विचारा. त्यावर घरचा किंवा परिसरातला प्रतिष्ठित साक्षीदार आणि आरोपी यांच्या सह्या लागतात. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवीत आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती त्याच्या हातात असायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. चौकशी सुरू असताना वकिलाला भेटता येतं, संपूर्ण वेळ नाही, पण भेटता येतं. वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

खरी अडचण "अटक नाही हो, फक्त चौकशीला आणलंय" या वाक्याची. कागदोपत्री तो माणूस ठाण्यात नसतोच. अशा वेळी मौखिक विनंत्या करत बाकावर बसून राहू नका. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना ईमेल करा: माणसाचं नाव, किती वाजता कुठून नेलं, कोणत्या गाडीतून, कोणी. पूर्वी वकील मंडळी यासाठी तार करायची, 2013 मध्ये तार सेवाच बंद झाली. ईमेलला तारखेबरोबर वेळही चिकटलेली असते, ते तारेपेक्षा बरंच. 112 वर केलेला फोनही नोंदला जातो. 24 तास उलटून गेले आणि कोर्टात हजर केलं नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावण्याचा, अर्ज करता येतो. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी यांच्या जोडीला ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे सांगली-सोलापूरकडच्या लोकांचा मुंबईचा हेलपाटा वाचतो.

बाई, साठीच्या वरचा किंवा पंधरा वर्षांखालचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांची विचारपूस राहत्या घरीच करायची.

तक्रार कोण करू शकतं

स्वतः पीडित, त्याच्या घरचं कोणीही, किंवा त्याच्या वतीने दुसरी कुठलीही व्यक्ती. शेजारी चालतो, संस्था चालते. मूळ गुन्ह्यात तो दोषी आहे की निर्दोष, याचा इथे संबंध नाही, खरोखरच चोरी केलेल्या माणसालाही मारता येत नाही. अर्ज मराठीत चालतो. मानवी हक्क आयोगाकडे शुल्क लागत नाही.

कुठे करायची

तीन दारं आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं.

गुन्हा नोंदवायचा असेल तर पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेचं कलम 120 नेमकं यासाठीच आहे: कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत केली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुन्या दंडविधानाची 330 आणि 331 ही कलमं लिहा. आपल्या कायद्यात "छळ" असा स्वतंत्र गुन्हाच नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, मान्यता आजवर दिली नाही. 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालेलं विधेयकही पुढे बारगळलं. म्हणून अर्जात "छळ झाला" एवढंच लिहून थांबू नका, कलम लिहा.

ज्या ठाण्यात मारलं तिथेच तक्रार कोण घेणार? घेत नाहीत. मग अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175 खाली अर्ज करा. इथे आरोपी पोलीस, म्हणजे सरकारी नोकर, असल्यामुळे दंडाधिकारी आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्याचं म्हणणं विचारात घेतात. यात वेळ जातो, ते गृहीत धरा.

दुसरं दार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशांनंतर महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर अशी प्राधिकरणं केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, कायदा डावलून केलेली अटक, खंडणी हे विषय त्यांच्याकडे येतात. दोन कानशिलात मारल्याची तक्रार इथे टिकणं अवघड, हाड मोडल्याची टिकते. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र जोडा. प्राधिकरणाचा अहवाल शासनाकडे जातो आणि त्यावरून खातेनिहाय चौकशी किंवा गुन्हा होऊ शकतो.

तिसरं दार महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचं, मुंबईत सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर. दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाची हेल्पलाइन 14433 आहे. एकाच वेळी दोन्हीकडे अर्ज टाकण्याची चूक सर्रास होते. राज्य आयोगापुढे असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग हाती घेत नाही. निनावी आणि मोघम तक्रारी बाद होतात. मूळ गुन्हा खोटा आहे हे आयोगाला पटवण्यात चार पानं घालवू नका, तो विषय कोर्टात आहे म्हणून अर्ज बंद होण्याची भीती असते. मारलं कधी, कुठे, कोणी, कशाने, एवढंच लिहा. आयोग भरपाईची आणि खटला भरण्याची शिफारस करतो. ती आदेशासारखी बंधनकारक नसते, तरी फाइल हलते. गोव्यातल्या लोकांसाठी गोव्याचा स्वतंत्र मानवी हक्क आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

जोडायचे कागद

- पीडिताचं ओळखपत्र आणि अर्जदाराशी नातं (दुसरं कोणी अर्ज करत असेल तर)
- अटक मेमो, लेखी कारणं, एफआयआरची प्रत
- कोर्टाच्या रोजनाम्याची आणि रिमांड अर्जाची प्रमाणित प्रत
- कलम 53 चा वैद्यकीय अहवाल, एमएलसी, केसपेपर, एक्स-रे
- फोटो, तारीख-वेळेसह
- पाठवलेले ईमेल, पोस्टाच्या पावत्या, 112 च्या कॉलची नोंद
- प्रतिज्ञापत्र

सगळं नसलं तरी अर्ज थांबवू नका. अर्जात "अहवालाची प्रत मागूनही दिली नाही" असं लिहिलं की न दिलेला कागदही पुराव्यासारखा कामाला येतो. आणि पोच घ्या. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय.

सीसीटीव्ही

हे घाईचं आहे. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडी, व्हरांडा आणि सगळ्या ये-जा दारांसह, आवाज टिपणारे आणि अंधारात दिसणारे कॅमेरे बसवायला सांगितलं. चित्रण जपून ठेवण्याचा कालावधी 18 महिने, किमान वर्षभर. चित्रण सुरक्षित ठेवायला लावण्याचा हक्क पीडिताला आहे, तसा फलकही ठाण्यात लावायचा आहे. पण "त्या दिवशी कॅमेरा बंद होता" हे उत्तर ऐकायला तयार राहा. म्हणून सुटल्याच्या दिवशीच अधीक्षकांना एक पानाचं पत्र द्या: अमुक ठाणं, अमुक तारीख, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं चित्रण आणि त्या दिवसाची स्टेशन डायरी जपून ठेवावी. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही सोबत टाका. माणूस अजून आत असेल तर जीवित आणि स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर 48 तासांत उत्तर मागता येतं.

मृत्यू झाला असेल तर

पोलिसांच्या तपासाव्यतिरिक्त नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 खाली दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावीच लागते आणि शक्य तिथे नातेवाइकांना कळवून चौकशीच्या वेळी हजर राहू द्यायचं असतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण लेखी मागा. अहवाल मिळेपर्यंत अंत्यविधीचा निर्णय घाईने घेऊ नका, पोलिसांची घाई वेगळ्या कारणाची असू शकते.

चौकशी अहवाल म्हणजे गुन्हा नव्हे, हे परभणीने दाखवलं. डिसेंबर 2024 मध्ये तिथे अटक झालेल्या, कायदा शिकणाऱ्या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्हा नोंदला गेला नाही. आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, 4 जुलै 2025 ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सात महिने गेले. भरपाईसाठीही उच्च न्यायालयात जाता येतं: ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईने मुलाच्या मृत्यूबद्दल लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि 1993 मध्ये दीड लाख रुपये द्यायला लावले.

मुदत

मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्ष. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरायला सहा महिन्यांची मर्यादा आहे. शासनाच्या पूर्वमंजुरीने ती दोन वर्षांपर्यंत जाते. मारहाण हे कर्तव्य नव्हे, असा युक्तिवाद होतो आणि तो मान्यही होतो, पण दरवेळी नाही. वर्ष आहे हाताशी असं समजून बसलेल्यांची इथेच फसगत होते.

तक्रार दिल्यावर आठवड्याभरात गावातलं कोणीतरी मध्यस्थ "मिटवून टाका, पुढचं बघू" म्हणत घरी येतं. त्याच दिवशी तारीख, वेळ आणि त्या माणसाचं नाव लिहून आयोगाला आणि वकिलाला कळवा. त्या कागदाचीही पोच घ्या.