मीटर बारा दाखवतो, दिवा मात्र लागत नाही

इंदूरच्या सराफ्यातून रात्री परतताना भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हिच्या हातातून गाडीच्या सीटवर कलंडला. दार उघडलं तर छतातला दिवा लागेना. कधीपासून लागत नव्हता, देव जाणे. सव्वीस वर्षं दारात उभ्या असलेल्या गाडीकडे आपण तेवढं बघतही नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वॅटचा नवा बल्ब आणला. कांडीसारखा, दोन्ही टोकांना टोपी असलेला. होल्डरच्या दोन पत्र्यांमध्ये अडकवायचा. तरी अंधारच. बल्ब काढून त्या पत्र्यांना मल्टिमीटर लावला, तर 12.4 व्होल्ट! वीज येतेय, बल्ब कोरा आहे, मग अडलं कुठे? अख्खा रविवार त्यात गेला.

सोमवारी कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. इंडिकेटरचा जुना बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच त्याचं हत्यार. पत्र्यांना टेकवला, लागला नाही. ‘‘अर्थ नी मिल रिया है, भिया.’’ अर्थ, म्हणजे विजेची बॅटरीकडे परतायची वाट.

आपल्याकडे नर्मदेचा नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो. पाइप आतून गाळाने बुजलेला असेल, तर ते कळतं तोटी उघडल्यावर. मल्टिमीटर म्हणजे बंद तोटी. त्याचा आतला रोध साधारण 1 कोटी ओहम, त्यामुळे त्याच्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. वाटेत गंजलेल्या सांध्याचा 300 ओहम रोध असला, तरी 1 कोटीपुढे तो चिल्लर. मीटर 12.4 दाखवणारच. बल्बचं तसं नाही. पाच वॅटचा बल्ब पेटता राहायला सुमारे 0.42 अँपिअर लागतात. पेटल्यावर त्याच्या तारेचा रोध 29 ओहमच्या आसपास असतो, पण थंड असताना जेमतेम दोन-तीन. 300 आणि 3 एका रांगेत आले की ओहमच्या 1827 सालच्या नियमाप्रमाणे व्होल्टेजची वाटणी त्याच प्रमाणात होते: बल्बच्या वाट्याला 0.12 व्होल्ट, बाकी सगळं गंज गिळतो.

हा गंज कुठे, ते बसल्या जागी कळलं असतं. दिव्याच्या खटक्याला तीन जागा असतात: चालू, बंद आणि ‘दार’. इलेक्ट्रिशियनने खटका ‘चालू’वर सरकवला आणि दिवा लख्ख पेटला. म्हणजे फ्यूज, बल्ब, प्लसची वायर सगळं ठीक, दोष दाराच्या स्विचच्या वाटेवर. ही चाचणी मी केलीच नव्हती, बल्ब बदलून मोकळा झालो होतो.

बऱ्याच जुन्या गाड्यांत प्लस थेट दिव्यापर्यंत येतो आणि दाराचा स्विच असतो अर्थच्या बाजूला. दाराच्या चौकटीतलं ते छोटं बटण. दार उघडलं की ते बाहेर येतं आणि वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. पत्रा हीच बॅटरीकडे परतायची वाट. बटणाचा एकुलता एक स्क्रू पत्र्यात घुसतो, तोच अर्थ. पावसाळा, त्यात पाइप लावून गाडी धुण्याची हौस. आमच्या स्क्रूभोवती तांबूस भुकटी होती आणि रबराची टोपी फाटलेली.

स्विच काढायचा तर वायरला आधी चिकटपट्टी लावा. ती चौकटीत सटकली की बाहेर काढताना रडू येतं. ती वायर स्वच्छ पत्र्याला टेकवून बघा. दिवा लागला तर स्विचच दोषी. यात शॉर्ट होत नाही, कारण मध्ये बल्ब आहे. होल्डरचा प्लस पत्र्याला लागला, तर मात्र फ्यूज गेलाच. पॉलिश पेपरने भोक आणि स्क्रू घासला, वर पेट्रोलियम जेली. काम दहा मिनिटांचं.

दिवा लागतो पण मिणमिणता, तरी हाच संशय घ्यावा. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. म्हणजे 12 मधले 2 व्होल्ट वाटेत गळाले, तर उजेड जवळपास निम्मा.

दुकानदार म्हणाला होता, एलईडी टाका. तिला फार कमी प्रवाह लागतो, त्यामुळे थोडाफार गंजलेला सांधा ती खपवून घेते. दुखणं तसंच राहतं. उलटा प्रकार शेजाऱ्यांकडे झाला: सगळी दारं बंद, तरी एलईडी भुतासारखी मंद जळते. ओल्या स्विचमधून झिरपणारे एक-दोन मिलिअँपिअर तिला पुरतात. तारेच्या बल्बला त्याची जाणीवही होत नाही.

दार लावूनही स्विच दाबला जात नसेल, तर पाच वॅटचा दिवाही 35 अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी करतो. गाडी स्टार्ट व्हायची त्याआधीच बंद होते. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवावा आणि दारं लावावीत. आमच्या व्हिडिओत दिवा विझलेला दिसतो, मग बराच वेळ काळोख आणि बाहेरून हिचा आवाज, ‘‘अहो, किल्ली कुठंय?’’