दुर्बीण भेट द्यायची आहे? मग गोव्याचे आकाश आधी बघा

खगोलवेड लागलेल्या मुलाला, भावाला किंवा निवृत्त झालेल्या वडिलांना दुर्बीण द्यायची ठरली की नजर आधी खोक्यावरच्या आकड्याकडे जाते. ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले असते आणि तेवढ्यावर पैसे मोजले जातात. दुर्बीण घेताना याच्याइतका निरुपयोगी आकडा दुसरा नाही. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून किंवा आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचे अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की वर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते तो आकडा, मिळते. ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर २६ पट, १० चा लावला तर ६५ पट. आयपीस बदलून हा आकडा हवा तेवढा फुगवता येतो. पण भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण दोन पट, याच्या पुढे नवे काही दिसत नाही. अंधुक डाग तेवढा मोठा होतो. ६० मिलिमीटरच्या भिंगाने १२० पटींपर्यंत जावे, तिथे थांबावे. गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे चंद्र दिसले ते जेमतेम २० पटींच्या दुर्बिणीतून.

दुकानदाराला विचारायचा तो व्यास. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचे भिंग तिच्या १०० पट प्रकाश गोळा करते आणि १५० मिलिमीटरचा आरसा साडेचारशे पटींहून जास्त, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आता स्टँड. माझ्या मते निम्म्या दुर्बिणी माळ्यावर जातात त्या डगमगत्या तिपाईमुळे. ६० पटींवर बोटाचा धक्कासुद्धा शनीला दृश्याबाहेर फेकतो. अनेकांना वाटते की चाके, वजने आणि अंशांच्या खुणा असलेला विषुववृत्तीय माउंट (दुर्बीण धरणारी, ताऱ्यांच्या चालीने फिरणारी बैठक) म्हणजे भारी भेट. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखला की एकच खुंटी फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो, हे खरे. पण गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर असतो, म्हणजे बहुतेक अंगणांतून माडांच्या किंवा शेजारच्या कौलांच्या मागे. शिवाय अक्ष इतका आडवा करावा लागतो की बऱ्याच हलक्या माउंटांवर तोलाचे वजन तिपाईच्या पायावर आपटते. युरोपातल्या अक्षांशांवर सोयीचे असलेले हे यंत्र इथे नवशिक्याला जेरीस आणते.

त्यापेक्षा डॉब्सोनियन ही आरशाची दुर्बीण घ्यावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवणाऱ्या जॉन डॉब्सन यांनी हा साधा, लाकडी खोक्यावर फिरणारा प्रकार लोकप्रिय केला. वर-खाली, डावी-उजवी, एवढ्याच दोन हालचाली. त्यामुळे बहुतेक पैसा आरशावर खर्च होतो. सहा इंची (सुमारे १५० मिलिमीटर) डॉब्सोनियन सुरुवातीला पुरून उरते. बजेट फारच कमी असेल तर स्वस्त दुर्बिणीऐवजी चांगली १०×५० (१० पट, ५० मिलिमीटर भिंगे) बायनॉक्युलर द्या. कृत्तिकांचा पुंज आणि देवयानी दीर्घिका तिच्यातून सुरेख दिसतात.

इथल्या अक्षांशाचा मोठा फायदाही आहे. ग्रह पुष्कळदा डोक्याजवळून जातात, त्यामुळे त्यांचा प्रकाश कमी हवेतून येतो आणि चित्र स्थिर राहते. दक्षिणेचे आकाशही उघडे असते. मे महिन्याच्या रात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोलाकार गुच्छ गोव्यात २७ अंशांपर्यंत चढतो. दिल्लीत तो १४ अंशांवर असतो, लंडनला तर कधी उगवतच नाही. सहा इंची दुर्बिणीतून, सत्तरी किंवा सांगे-काणकोणच्या अंधारात त्याचे सुटे तारे दिसू लागतात तेव्हा माणूस आयपीस सोडायला तयार होत नाही.

खरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगावर बुरशीचे जाळे चढते आणि काच खाते. म्हणून दुर्बिणीसोबत घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या द्या. आयपीस त्यातच राहू देत. दव पडले तर पुसू नका, झाकण न लावता पंख्याखाली सुकू द्या.

शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी एखाद्या आकाशदर्शनाला जा. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवरून ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ने वर्षानुवर्षे लोकांना ग्रहतारे दाखवले आहेत. अशा हौशी मंडळींकडे दोन-तीन प्रकारच्या दुर्बिणींना डोळा लावून पाहिला की निवड सोपी होते.

मुहूर्त म्हणाल तर चतुर्थी टाळा, ढगांत भेट कोमेजेल. दिवाळी उत्तम. पाऊस सरलेला असतो, भाऊबीजेला पश्चिमेला चंद्राची कोर असते आणि अष्टमीपर्यंत रोज नवी विवरे उजेडाच्या कडेवर येतात. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला कडेने, रेषेसारखी दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील.

देण्यापूर्वी मात्र खोके स्वतः उघडा. आयपीसला लावायचा छोटा काळा ‘सन फिल्टर’ आत सापडला तर तो तिथेच फोडून टाका. एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो आणि डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो. सूर्य पाहायचा तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणाऱ्या प्रमाणित फिल्टरमधूनच, आणि लहान मुलांनी मोठ्यांच्या सोबतीनेच.