पत्रकारितेचा लघुप्रबंध: लिहायला बसण्याआधी वाचा

पत्रकारितेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाचे बहुतेक विद्यार्थी आमच्याकडे फाइल जमा करायच्या आदल्या आठवड्यात येतात. तेव्हा आम्ही शुद्धलेखन तपासतो, संदर्भसूची एका पद्धतीत बसवतो, अनुक्रमणिका आणि बाइंडिंग बघतो. पण बातम्यांचा नमुनाच, म्हणजे अभ्यासासाठी घेतलेले अंकच, चुकीचे निवडले असतील, तर मुद्रितशोधनाने काही साधत नाही. आराखडा कच्चा असतानाच एक चक्कर मारा, एवढ्यासाठी हे पत्रक.

विषय लहान करा, अजून लहान करा

‘माध्यमांचा समाजावर परिणाम’ हा लघुप्रबंधाचा विषय नव्हे. ‘पुराच्या बातम्यांत दोन दैनिकांनी कोणाला जास्त बोलते केले, अधिकाऱ्यांना की पूरग्रस्तांना?’ हा विषय होऊ शकतो, कारण याचे उत्तर मोजून काढता येते.

लहान विषय म्हणजे हलका विषय, ही भीती अनेकांना असते. डेव्हिड मॅनिंग व्हाइट या संशोधकाने १९४९ मध्ये अमेरिकेतल्या एका दैनिकाचा एकच संपादक घेतला. वृत्तसंस्थांकडून आलेल्या ज्या बातम्या त्याने आठवडाभर नाकारल्या, त्या प्रत्येकीवर नकाराचे कारण लिहून घेतले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने बातमीच्या ‘द्वारपाला’ची, म्हणजे कोणती बातमी आत घ्यायची हे ठरवणाऱ्याची, कल्पना पत्रकारितेच्या वर्गात कायमची आणली. एक माणूस, एक आठवडा!

‘परिणाम’ हा शब्द मात्र जपून वापरा. बातम्या मोजून बातमीत काय आहे ते कळते, वाचकाच्या मनात काय झाले ते नाही. मॅककोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल इथल्या, मत अजून न ठरवलेल्या १०० मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात ते विचारले आणि त्याच काळातल्या बातम्याही तपासल्या. दोन्ही बाजू हाताशी होत्या म्हणूनच त्यांना दोहोंचा संबंध मांडता आला. आणि तोही संबंधच, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तुमच्याकडे एकच बाजू असेल तर शीर्षकातून ‘परिणाम’ काढा, ‘चित्रण’ लिहा.

नमुना आणि कोडिंग

सलग सात दिवसांचे अंक घेतले आणि त्याच आठवड्यात मोठा अपघात झाला, तर सगळे आकडे तिरपे होतात. त्यासाठी ‘रचित आठवडा’ असतो: सोमवार एका आठवड्यातला, मंगळवार दुसऱ्यातला, असे सातही वार चिठ्ठ्या टाकून निवडायचे. दैनिकाच्या वर्षभराच्या अंकांसाठी असे दोन आठवडे साधारणपणे पुरतात, असे १९९३ च्या एका बहुचर्चित अभ्यासात दिसले. एखाद्या घटनेपुरता अभ्यास असेल तर मात्र त्या काळातले सगळे अंक घ्या, निवड नको. संकेतस्थळावरच्या बातम्या नंतर बदलतात, म्हणून त्या तारीख-वेळेसह त्याच दिवशी जतन करा.

कोडिंग म्हणजे प्रत्येक बातमी ठरलेल्या रकान्यात नोंदवणे. त्याच्या शीटमध्ये ‘सकारात्मक’, ‘नकारात्मक’ असे रकाने पाडून काम भागत नाही. कशाला सकारात्मक म्हणायचे याची व्याख्या लिहा आणि काही बातम्या मित्राकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. दोघांचे ९० टक्के जुळले की विद्यार्थी खूश होतात. पण ‘तटस्थ’ आणि ‘तटस्थ नाही’ असे रकाने दोनच असतील आणि दोघांनीही आपापल्या परीने १०० पैकी ९० बातम्यांना ‘तटस्थ’ म्हटले असेल, तर ८२ टक्के एकमत निव्वळ योगायोगानेही अपेक्षित असते. कोहेन यांचा ‘कप्पा’ (kappa) हा एकमत मोजणारा आकडा हा योगायोग वजा करतो. इथे तो जेमतेम ०.४४ येतो, म्हणजे व्याख्या पुन्हा घासायला हव्यात. परीक्षक तोंडी परीक्षेत नेमके इथेच बोट ठेवतात.

मुलाखती

लेखी संमती घ्या. नाव गुप्त ठेवायचे कबूल केले असेल तर हुद्दाही जपा. ‘एका दैनिकाचा क्रीडा संपादक’ म्हटले की ओळखीच्या लोकांना माणूस कळतोच. तासाभराचे रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास सहज जातात, ते वेळापत्रकात धरा.

लिहिताना

संशोधन पद्धतीचे प्रकरण आधी लिहा, प्रस्तावना शेवटी. छोटी वाक्ये लिहायची तुमची सवय इथे फार कामाची आहे. ‘सूत्रांनी सांगितले’ आणि ‘सर्वत्र खळबळ उडाली’ मात्र बातमीतच राहू द्या.

आम्ही काय करत नाही

प्रबंध लिहून देत नाही, आकडे ‘जुळवून’ देत नाही, उचललेला मजकूर तपासणीत सापडू नये म्हणून शब्द फिरवून देत नाही. कोणी आडून विचारले तरी उत्तर हेच.

पहिल्या भेटीला येताना एका वाक्यात लिहिलेला संशोधन प्रश्न, कोडिंग शीटचा किंवा प्रश्नावलीचा कच्चा मसुदा आणि विभागाची नियमपुस्तिका आणा. मार्गदर्शकांनी काही शेरे मारले असतील तर तो कागदही आणा, खाडाखोडीसकट.